पेटीत कोणीच मेले नव्हते

विजेरीचा एक निमुळता झोत अंधारात फिरतो आणि त्या झोतात असंख्य शुभ्र कण मंदपणे तरंगू लागतात. वारा नाही, पाऊल नाही, तरी ते हलत राहतात. जणू कोणाच्या तरी नि:श्वासाने ते जागचे ढळले आहेत. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर हे दृश्य मी प्रथम पाहिले, तेव्हा चित्रण करणारी मुलगी थरथरत्या स्वरात कुजबुजत होती, की हे इथले अतृप्त आत्मे आहेत. आत्मे! ती रुई होती. तुळयांच्या बेचक्यांत, पट्ट्यांच्या चाकांवर, तुटक्या पत्र्यांच्या पन्हळींत वर्षानुवर्षे साचलेली, आमच्या जिनिंगची रुई. माणूस आत शिरला, दार ढकलले गेले, की ती आजही खाली झरते. ते पाहताना माझ्या नाकाशी सरकीचा तेलकट, किंचित कडवट गंध दाटून आला. पडद्याला गंध नसतो, हे त्या पडद्याचे दुर्दैव. नाहीतर भिण्याऐवजी लोकांना शिंका आल्या असत्या.

वाचका, हा चित्रपटाचा एक नवा प्रकार आहे, आणि तू तो पाहिला नसशील तर तुझे फारसे बिघडलेले नाही. ओसाड इमारतीत चारदोन तरुण कॅमेरा घेऊन शिरतात, एकेक करून नाहीसे होतात, आणि मागे उरलेला कॅमेरा कोणालातरी सापडतो. तेच चित्रण आपण पाहत आहोत, अशी बतावणी. चित्र डळमळते, श्वास ऐकू येतो, नेमके पाहायचे ते चौकटीबाहेर राहते. या प्रकाराची भीती मी तटस्थपणे तपासून पाहिली आहे. तिच्या मुळाशी भूत नसून न दिसलेला कोपरा असतो. इमारत ओस पडली म्हणजे तिचे काम सुटते, आणि काम सुटलेल्या वस्तूचा अर्थ कोणीही कसाही लावतो. दोनशे माणसे जिथे घाम गाळत होती, तिथे त्या काळी एकही कॅमेरा आला नाही. माणसे गेली, कुलूप गंजले, आणि मग कॅमेरे आले! जिवंतपणी ज्या भिंतींकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्यांच्यात मरण शोधायला एवढी गर्दी का व्हावी?

ब्राह्मणपुरीहून शहाद्याकडे येताना रस्त्यालगत जो जिनिंग-प्रेसिंगचा बंद कारखाना दिसतो, त्याच्या दाबयंत्रावर मी बावीस वर्षे मुकादम होतो. चित्रपट करणारी योगिता आमच्याच गल्लीतली, संगणकाच्या वर्गात शिकवणारी, हुशार आणि तितकीच हट्टी मुलगी. तिच्या कथेत एक मजूर कापसाच्या पेटीत चिरडला जातो, मुकादम ते लपवतो, आणि त्या मजुराची चप्पल दाबयंत्रापाशी तशीच पडून राहते. नाव तिने घेतलेले नाही. पण त्या कारखान्याला मुकादम किती होते? एकच. तो अजून जिवंत आहे आणि रोज सकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो.

मी तिच्या ओट्यावर जाऊन जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, तो सिनेमा शे. आनि बठ्ठा गाव हाईच सांगस. मन्हा बाप बी सांगे, दित्या त्या पेटीमा दबायना."

दित्या, म्हणजे आमच्याकडे रुई तुडवणारा मजूर, पेटीत दबून मेला, असे गाव सांगते! गावाची साक्ष म्हणजे काय, ते मी चहाच्या दुकानात नित्य ऐकतो. माझा समवयस्क भिका पाटील परवा चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत होता, "मी सोता देखं, गाठडीमा मानूसना केस व्हतात!" मी विचारले, "भिका, तू तव्हय सुरतमा व्हता ना?" त्यावर तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मंग? केस सुरतले उतरनात ना, गाठडीसंगे!" सगळे हसले, आणि हसता हसता त्यांनी ते खरेही मानले. खोट्याला हसू फार मानवते; खऱ्याला मात्र प्रत्येक वेळी पुरावा घेऊन उभे राहावे लागते.

म्हणून खरे काय ते सांगतो. दाबयंत्राची पेटी लोखंडी, पुरुषभर खोल. तिच्यात रुई पडत असताना माणसे आत उतरून ती पायांनी तुडवीत. पेटी भरली की माणसांनी वर यायचे, झाकण बसवायचे, खीळ घालायची, आणि मुकादमाने दांडा खाली ओढायचा. मग तळाची पाटी वर चढू लागे आणि खोलीभर कापसाची एक गाठ होई. या कामात चुकीला जागा नव्हती. म्हणून मी एक नियम घातला. पेटीत उतरणाऱ्याने चपला काढून पेटीच्या पायथ्याशी ठेवायच्या, आणि तिथे एक जरी चप्पल दिसली तरी दांड्याला हात लावायचा नाही. यंत्राच्या गडगडाटात हाक ऐकू येत नाही. चप्पल मात्र दिसते. किती साधा, किती निर्दोष नियम! अडचण एवढीच होती, की तुडवायला येणारी माणसे सातपुड्यातली, मोलगीच्या वरच्या पाड्यांवरची, जन्मभर अनवाणी चाललेली. त्यांच्यापाशी काढून ठेवायला चपलाच नव्हत्या! तेव्हा मी त्यांना खापर गावच्या बाजारातून टायरच्या तळव्याच्या चपला आणून दिल्या. ते त्या हातात घेऊन येत, पेटीशी ठेवीत, आणि काम संपले की खुंटीला अडकवून पुन्हा अनवाणी जात. त्या चपला त्यांनी पायांत कधी घातल्याच नाहीत.

गावाची चूक इथेच आहे. खालच्या सपाटीवरचा माणूस म्हणतो, चप्पल राहिली म्हणजे माणूसही तिथेच राहिला. चपलेवाचून कोण घरी जाईल? दित्या जाईल, हे त्याच्या कल्पनेतही येत नाही.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. सगळे बाहेर कडुनिंबाच्या सावलीला गेले. तासाभराने वीज आली, मी यंत्रापाशी परतलो, तो पेटीच्या पायथ्याशी दित्याची चप्पल, आणि दित्या कुठेच नाही. मी सगळ्यांना थांबवले आणि पेटी शेवटच्या पुंजक्यापर्यंत उपसून पाहिली. आत कोणीच नव्हते! दुसऱ्या कोणत्या मुकादमाने एवढी दक्षता घेतली असती? दित्या पुन्हा कामावर आला नाही, आणि त्याची चप्पल आठवडाभर तिथेच राहिली. तेवढ्यावर गावाने एक प्रेत उभे केले आणि माझ्या माथी मारले.

मी योगिताला बजावले, की चित्रपटाच्या आरंभी एक वाक्य घाल: या कारखान्यात एकही माणूस मेला नाही. नाहीतर मी पंचायतीपुढे जाईन. ती डगमगली नाही. "मानूस दखाडा आप्पा, मी लगेच लिखसू. तुम्हना शब्दमा लिखसू."

ठीक आहे. माणूसच दाखवतो! पंच्याहत्तरी उलटलेला मी, गुडघ्याला पट्टा बांधून, तिला सोबत घेऊन मोलगीच्या आठवडे बाजाराला जीपने निघालो. घाट चढताना ती मोबाइल खिडकीबाहेर धरून डोंगर टिपत होती. मी मात्र मनात तिने लिहायचे ते वाक्य घासूनपुसून लखलखीत करत होतो. या वयात आणखी काय मिळवायचे असते? मेल्यावर लोकांनी आपल्याविषयी निदान खरे बोलावे, एवढेच.

बाजारात चौकशी करता करता आमचूर विकणाऱ्यांच्या रांगेत तो सापडला. वाळलेल्या कैऱ्यांच्या ढिगामागे उकिडवा बसलेला, केस पिंजलेल्या कापसासारखे पांढरे, पाय अनवाणी. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मुकादम तू," तो म्हणाला. त्या डोंगरात सगळ्यांनाच तू म्हणतात. त्यात अनादर नसतो.

विजयाचा तो क्षण मी लपवला नाही. योगिताकडे वळून म्हणालो, "धर, तुझा मेलेला माणूस. नीट चित्र घे त्याचे!" आणि दित्याला सांगितले, "खाली सगळे म्हणतात, तू माझ्या पेटीत मेलास."

तो दात नसलेल्या तोंडाने हसला. "मेलो असतो."

"म्हणजे?"

"तू पाहिलंच नाही. मी आत होतो. चप्पल खाली होती. तू कोणाशी तरी भांडत होता, तोंड तिकडे, हात दांड्यावर. वर झाकण बसलं. काळं झालं. मग पायाखालून रुई वर यायला लागली. गुडघ्याला आली. छातीला आली. मी ठोकलं. लई ठोकलं."

योगिताने मोबाइल खाली घेतला नाही.

"मग लाईट गेली," दित्या म्हणाला. "सगळं थांबलं. खीळ पुरती बसली नव्हती, खांद्यानं रेटली. वर आलो तर कोणी नाही. तू बाहेर होता, वायरमनच्या नावानं ओरडत. मी घरी आलो."

"आणि चप्पल?" योगिताने विचारले.

"ती याची होती. कामाची." मग माझ्याकडे पाहून, "उन्हाचा आला, पाणी पी," म्हणत त्याने जवळची कळशी पुढे सरकवली. त्याच्या स्वरात ना राग होता, ना क्षमा. पावसात वाहून गेलेल्या पुलाविषयी बोलावे तसा तो बोलला होता.

मी प्रथम मनातल्या मनात त्याचे म्हणणे खोडायला निघालो. म्हातारा झाला आहे; काळ गेला; स्मृती फसवते. पण वाद घालण्याचा मला जन्माचा सराव आहे, आणि त्या सरावानेच मला अडवले. वीज परत आल्यावर पेटीकडे वळण्याआधी मी यंत्राचा दांडा वर उचलला होता, हे मला लख्ख आठवत होते. थंड लोखंडाचा तो भार अजून तळहाताला जाणवतो. उचलावा लागला, म्हणजे तो खाली होता. खाली होता, म्हणजे मी तो ओढला होता. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच नियमाची चप्पल पायथ्याशी असताना!

पेटी उपसल्याचे मला इतकी वर्षे स्मरत राहिले. वीज जाण्यापूर्वीचा तो क्षण मात्र कुठे गेला होता? स्मृती आपल्याला खोटे सांगत नाही. ती फक्त सोयीच्या जागेपासून सांगायला सुरुवात करते. आणि मी कोणाशी भांडत होतो, कशावरून, हे आज कितीही आठवले तरी आठवत नाही. तो वाद मी जिंकला असणार, एवढे मात्र निश्चित.

परतीच्या जीपमध्ये, घाट उतरल्यावर योगिता हळूच म्हणाली, "आप्पा, दित्या जित्ता शे. तुम्ही जिंकनात. ते वाक्य लिखी टाकसू. बाकी चित्रन मी कोनले दखाडत नही."

त्या मुलीचे मन मोठे होते. मला हवे ते सारे तिने एका वाक्यात माझ्या ओंजळीत घातले: गावाचे मौन, भिकाची फजिती, माझे निष्कलंक नाव. आणि ते वाक्य खरेही होते! त्या कारखान्यात कोणी मेले नव्हते. एका अक्षराचेही असत्य त्यात नव्हते. मग ते स्वीकारायला जीभ का रेटेना? मला वाटते, त्या चित्रपटांतली सगळी भुते एकाच कारणासाठी भिंतींवर ठोकत असतात. कोणीतरी आत आहे, एवढेच त्यांना बाहेरच्याला कळवायचे असते. बाहेरच्याचे तोंड दुसरीकडे असते.

"लिही," मी म्हणालो. तिने मोबाइल काढला. मी सावकाश, शाळेत शुद्धलेखन सांगावे तसे सांगत गेलो: "या कारखान्यात एकही माणूस मेला नाही. मात्र एकदा पेटीत माणूस होता, आणि मुकादमाने पाहिले नाही. वीज गेली म्हणून तो वाचला."

तिची बोटे थांबली. "आप्पा, गाव काय म्हनी?"

"गाव म्हणेल, आम्ही सांगतच होतो."

"भिकाकाका तं नाचतीन!"

"नाचू दे. पण केस नव्हते गाठीत, हे त्याला सांग."

ती हसली, मग पडद्यावर बोट तसेच टेकवून तिने विचारले, "मुकादमनं नाव लिखू का, नही?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीची शेते मागे पडत होती. मी तिला नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, आणि ते बरोबर लिहिले आहे की नाही हे पाहण्यासाठी खिशातून चष्मा काढला.