मेंढपाळ आणि सातवी बाई

अन्याय झाला तो माझ्या आईवर आणि तिच्याबरोबरच्या सहा बायकांवर. गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सातला दहा कमी असताना, चाकणमधल्या एका कंपनीच्या दोन नंबर गेटवर. अकरा वर्षं या सात जणींनी तिथल्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या, ट्रे घासले. त्या सकाळी सिक्युरिटीवाल्याच्या हातात एक यादी होती आणि यादीत यांची नावं नव्हती. ठेकेदार बदलला, एवढंच सांगितलं. एकीची कामाची चप्पल आत लॉकरमध्ये होती, तीसुद्धा आणू दिली नाही.

मी पत्रकं लिहिते. कामगार संघटनेत तेच शिकले: पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मधे रडारड नाही. माझ्या प्रत्येक पत्रकात एक वाक्य ठरलेलं असायचं, मेंढरं होऊ नका. आणि रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे हात जोडून स्वतःला देवाची मेंढरं म्हणवून घ्यायचो. तेवढा वेळ मी खाली मान घालून बसायची. लोकांना वाटायचं पोरगी भक्तीत आहे.

आम्ही कासारवाडीत राहतो. मूळचे जालन्याकडचे, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. आई रोज चहाच्या आधी एकच प्रार्थना करते: "प्रभू, तू पुढं चाल, मी मागून येते." काम गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तीच, त्याच आवाजात. माझं डोकं फिरलं. म्हटलं, देवाला जरा कळव की आपल्याकडं दिवस थोडे आहेत. ती म्हणाली, त्याला कळवायला तू आहेस ना घरात, मोठ्या आवाजाची.

दिवस खरंच थोडे होते. नवा ठेकेदार एकेकीला वेगळं बोलवत होता. कामावर घेतो म्हणायचा, पण नव्या अर्जावर सही करा. सही केली की अकरा वर्षं पुसली जाणार आणि बाई आजच कामाला लागली असं धरलं जाणार. सातही जणी एकत्र राहिल्या तर तक्रार टिकणार होती. एकीनं जरी सही केली तरी तोच कागद बाकीच्यांच्या तोंडावर मारायला तो मोकळा. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला कामगार अधिकाऱ्यापुढे सगळ्यांनी हजर राहायचं ठरलं. आणि त्या आठवड्यात मंगळवारपासून सातवी बाई फोन उचलेना.

मी फोनवर फोन केले. बुधवारी संध्याकाळी बसून पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, पण "फितूर" असा शब्द घातला आणि वाचणाऱ्याला बरोबर कळेल अशी सोय केली. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"ती पळालीय का हरवलीय, माहीत आहे तुला?"

"फरक काय पडतो?"

"मेंढपाळाला पडतो," आई म्हणाली, आणि कागद घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला. उद्या तिच्याकडं जाऊ म्हणाली.

सातवी बाई चाकणच्या पलीकडे खोल्यांच्या चाळीत राहते. आम्ही नाशिक फाट्यावरून बस धरली. चाकणच्या अलीकडं कंटेनरच्या रांगेत बस अडकली ती अडकलीच, म्हणून उतरून चालायला लागलो. एका कंपनीच्या भिंतीला लागून मोकळा प्लॉट होता, तिथं धनगराची मेंढरं होती. म्हातारा पुढं चालला होता, कळप मागं. एक लंगडी मेंढी फार मागं राहिली, तसा तो थांबला आणि नुसता हाक देत राहिला. मी विचारलं, काठी आहे की हातात, हाणत का नाही?

"मारली की येती," तो म्हणाला. "पर दुसऱ्या दिशी लांबनंच बघती."

आणि त्यांना कुठं जायचं ते कळतं कसं?

"त्यास्नी कशाला कळाया पायजे? मला ठावं हाय न्हवं."

मला राग आला. हेच तर ठेकेदार बोलतो. साहेबही हेच बोलतात. तुम्हाला कशाला कळायला हवं, आम्ही आहोत ना. मी आईला तसं बोलूनही दाखवलं. तिनं नुसतं बोट केलं. प्लॉटवर मेंढरं रात्री बसतात त्या जागेच्या अगदी मधे, दगडं बाजूला सारून, म्हाताऱ्याचं घोंगडं अंथरलेलं होतं. तो तिथंच झोपत होता, थंडीत, त्यांच्या वासात. ठेकेदार कुठं झोपतो मला माहीत नाही, पण आमच्यात नाही झोपत. आई ज्याला पुढं चाल म्हणते तोही लांबून हुकूम सोडणारा नव्हता. तो माणसांत राहिला, उपाशी राहिला, त्याला मारलं गेलं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. विश्वास कुणावर टाकायचा हे ठरवण्यासाठी ते कधी वापरलं नव्हतं.

सातव्या बाईनं दार उघडलं ते मला बघून अर्धंच. आत बुद्धाची तसबीर, पलंगावर तापानं फणफणलेली लेक, आणि फ्रिजवर ठेकेदाराचा अर्ज, वर पेन. ती मला म्हणाली, "ठेकेदाराचे दोन फोन आले, ताई. तुमचे अठरा. मी कुणाला घाबरायचं?"

मला कायदा तोंडपाठ होता, तो समजावून सांगायला जीभ वळवळत होती. आईनं फ्रिजकडं पाहिलंसुद्धा नाही. लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि खाली बसून तिथली मेथी निवडायला घेतली. मी बाहेर येऊन कठड्याला टेकले. सही होते की नाही हे माझ्या हातात नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते कबूल केलं. तेव्हा मीही म्हटलं, प्रभू, तू पुढं चाल. वाक्य आईचं होतं. गरज माझी होती. त्यानंतर भीती गेली असं नाही, पण माझा श्वास जागेवर आला.

निघताना आई तिला एवढंच म्हणाली, "उद्या तू आलीस तर बरं. नाही आलीस तरी मी परवा येणार, पोरीला बघायला."

शुक्रवारी दहाला सहा जणी होत्या. मी फोन आईच्या हातात दिला, नाहीतर लावलाच असता. दहा वीसला सातवी आली, लेक कडेवर. अर्ज माझ्याकडं दिला, कोराच. सातही जणींची तक्रार नोंदवून घेतली. काम अजून परत मिळालेलं नाही. सुनावणी चालू आहे, आणि मी पत्रकं लिहितेच आहे. फितूर हा शब्द मात्र काढून टाकला.

मागणी थेट तुमच्याकडं आहे. तुमच्या लाईनवर, तुमच्या मंडळीत, तुमच्या जिन्यात कुणी काही दिवस दिसत नसेल, तर त्याच्याबद्दल मत बनवायच्या आधी त्याच्या दारात जा. मेसेज नको. बसा, हाताला मिळेल ते काम करा, आणि तो काय ठरवतो ते देवावर सोडा. या रविवारच्या आत जा.