सुनंदाताईंचे बाद झालेले फॉर्म

सुनंदाताईंच्या गठ्ठ्यात एकही 'हो' नव्हता. मॅनेजरने तो माझ्या टेबलावर आपटला. "घरी बसून भरले आहेत हे. बाईला काढून टाका."

"आधी बॅक-चेक करतो," मी म्हणालो.

बॅक-चेक म्हणजे फॉर्मवरच्या घरी पुन्हा जाऊन खात्री करणं. आमची एजन्सी सर्व्हे करते. या वेळचा प्रश्न असा: युद्ध लांबलं आहे, आपले जवान मरत आहेत, शत्रूच्या एका शहरावर अणुबॉम्ब टाकून ते थांबत असेल, तर टाकावा का? फॉर्म दोन प्रकारचे. एकात शत्रू शेजारचा देश, दुसऱ्यात दूरचा. बाकी शब्द न् शब्द सारखा. देश बदलला की उत्तर बदलतं का, एवढंच क्लायंटला पाहायचं होतं.

सुनंदाताई बारा वर्षं माझ्या टीममध्ये होत्या. नवरा गेल्यापासून घर त्यांच्याच कामावर चालत होतं.

नंदनवन वस्तीत पहिल्याच घरी एक मावशी भेटल्या. त्यांचा फॉर्म शेजारच्या देशाचा.

"आली होती ना बाई. अर्धा तास बसली."

"तुम्ही 'नाही' म्हणालात?"

आतून त्यांचे यजमान ओरडले, "मी तं हो म्हणून राहिलो होतो! इलेच लय दया आली."

"तुमी चूप बसा. बाईनं सांगितलं, असा एक बॉम्ब इथं पडला तं नंदनवनापासून प्रताप नगरापर्यंत काईच उरत नाई, येवढं जळते. माही पोरगी राह्यते प्रताप नगरात. मंग हो काहून म्हणू?"

पुढच्या घरीही तेच. फॉर्म खरे होते. ते वाक्य मात्र फॉर्मवर नव्हतं.

"ताई, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा असतो," ऑफिसात परतल्यावर मी सुनंदाताईंना म्हणालो.

"वाचला सर. पण लोक क्रिकेटच्या मॅचवानी उत्तर देऊन राहिले होते. बॉम्ब म्हणजे काय, ते तं सांगा लागते ना?"

"हे रिपोर्टमध्ये लिहिलं तर तुमचं काम जाईल."

"मंग लिहू नका," त्या म्हणाल्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी लिहिलं.

गठ्ठा बाद झाला. त्याच गल्ल्यांत दुसरा माणूस पाठवला. शेजारच्या देशाच्या फॉर्मवर बहुतेक 'हो' आले, दूरच्या देशाच्या फॉर्मवर बहुतेक 'नाही'. क्लायंट म्हणाला, आता डेटा क्लीन आहे.

ताईंना नंतर कुठल्याच एजन्सीने घेतलं नाही. या उन्हाळ्यात त्या वारल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने मला 'सर' म्हटलं आणि खुर्ची दिली.

नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये मी अजूनही पहिल्या दिवशी हेच सांगतो: प्रश्न वाचा, उत्तर लिहा, समोरच्याला विचार करायला लावू नका. सर्व्हे बिघडतो.