साडू समुद्र ओलांडणार होते

समुद्राला न घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण समुद्रानंच जरा जपून राहावं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या सोलापुरात ताडपत्रीचं दुकान चालवतो. ते माझे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. नळाला पाणी आलं म्हटलं की ताटावरचा पाहुणा तसाच सोडून लोक हंडे भरायला पळतात, अशा आमच्या गावात बसून या गृहस्थांनी लक्षद्वीपच्या एका बेटापर्यंत होडीनं जायचा बेत आखला. नुसता आखला असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. त्यांनी होडी घेतली, शीड शिवलं, सोबती जमवले आणि वर मला बजावलं, "तुमी येनार नसाल तर नका येऊ, पन मागनं म्हनू नका, साडूनं विचारलं न्हाई म्हनून."

साडूंचा मूळ स्वभाव कळल्याशिवाय हा बेत कळायचा नाही. हा माणूस शब्दाला पक्का. पक्का म्हणजे किती, तर दुकानासमोरच्या हॉटेलात एकदा चहा गार आला, तेव्हा "हितला चहा पुन्हा पिनार न्हाई" असं ते तिथल्या तिथे बोलून गेले. आता हॉटेलमालक त्यांचा जिवलग मित्र, आणि मित्राकडे जाणं सोडणार तरी कसं? तेव्हापासून आजतागायत साडू रोज दुपारी त्याच हॉटेलात, त्याच बाकावर बसतात, भजी खातात, मालकाशी तासभर गप्पा मारतात आणि चहा मात्र घरून थर्मासमध्ये नेलेला पितात. मालकानं हातापाया पडून झालं. साडूंचं म्हणणं एकच, "मी भज्याचं काय बोललो न्हवतो."

आणि अशा माणसानं एक दिवस आपल्या एकुलत्या एका लेकीला शब्द ऐकवला. गिरिजा लहानपणापासून आभाळाकडे बघत बसणारी पोर. शिकून हवामान खात्यात लागली, आणि तिची बदली थेट लक्षद्वीपच्या एका बेटावर झाली. लेक दुकान सांभाळेल अशी साडूंची फार आशा होती. तिच्यासाठी गल्ल्यामागची खुर्चीसुद्धा त्यांनी नवी करून ठेवली होती. स्टेशनावर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. गाडी हलायच्या बेतात असताना गिरिजा म्हणाली, "अप्पा, कोचीहून जहाज असतंय. या की तुमी." तेव्हा साडू फलाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "त्या जहाजात मी या जन्मात पाय ठेवनार न्हाई!" गाडी गेली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. पोर सुट्टीवर आली की हे नेमके मालाच्या खरेदीला बाहेरगावी. बेटावरची मुदत संपली तेव्हा तिनं ती आपणहून वाढवून घेतली, आणि अक्का देवघरात जास्त वेळ बसू लागल्या.

मग एका संध्याकाळी साडू माझ्याकडे आले, चपलाही न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मी जहाजाचं बोललो होतो. होडीचं काय बोललो न्हवतो." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांना मूर्खात काढायचा धीरच झाला नाही.

जेऊरच्या बाजूला उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. तिथल्या एका कोळ्याकडून त्यांनी जुनी होडी घेतली आणि दुरुस्तीसाठी ट्रकात घालून थेट दुकानासमोर आणली. दोन महिने ती गल्लीत उभी होती. शेजारच्या बायकांनी तिच्या डोलकाठीला दोरी बांधून पापड-कुरडया आणि लुगडी वाळत घातली, आणि साडूंनी त्यांना कधी हटकलं नाही, कारण दोरी किती वजन पेलते याची आपोआप चाचणी होते असं त्यांचं मत पडलं. शीड अर्थात दुकानातल्या उत्तम ताडपत्रीचं. त्यावर त्यांनी दुकानाचं नाव आणि फोन नंबर हातभर अक्षरांत रंगवून घेतला. मी विचारलं, "अहो, भर समुद्रात गिऱ्हाईक कुठलं?" तर मलाच म्हणाले, "जहाजवाल्यांना ताडपत्री लागत न्हाई व्हय?"

सोबतीही त्यांनी आपल्या तोलामोलाचेच निवडले. एक होते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. होडीचं इंजिन त्यांच्या ताब्यात. पण आयुष्यभराची सवय अशी, की डबल बेल वाजल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकेना. शेवटी साडूंनी देवळातल्यासारखी घंटा होडीला टांगली, आणि ती दोनदा वाजवली की मगच, सरावासाठी परत उजनीवर नेलेली आमची होडी काठावरून सुटू लागली. वळताना ड्रायव्हर हात बाहेर काढून दाखवत. मागे फक्त बगळे असत, पण नियम तो नियम. दुसरे सोबती सांगोल्याकडचे पाव्हणे, शेळ्यामेंढ्यांचे मालक. त्यांना पोहता येत नव्हतं, होडीत बसले की डोळे मिटून घेत, पण एवढं पाणी एके ठिकाणी बघायला मिळतंय म्हटल्यावर त्यांना घरी राहवेना. त्यांची अट एकच होती, की चहाच्या दुधासाठी सोबत शेळी न्यायची. "समुद्रात दूध कुटनं आननार?" असं त्यांनी विचारलं आणि शेळी होडीत चढली. उजनीवरच्या पहिल्याच सफरीत वारा सुटला तेव्हा तिघंही काठाला वाकून ओकत होते आणि शेळी मधोमध उभी राहून शांतपणे रवंथ करत होती. साडू पाठीला पत्र्याचा डबा बांधून बसले होते. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना बांधत तसाच. काठावर उतरल्यावर तोंड पुसत मला म्हणाले, "खलाशी तिघं धरू नका, चौघं धरा. शेळीला सरावाची गरज न्हाई."

शिधा म्हणजे पोतंभर कडक भाकरी आणि डबे भरभरून शेंगाची चटणी. या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होतो. कडक भाकरीचं काहीएक वाकडं करायची ताकद कुठल्याच समुद्रात नाही.

राहता राहिला वारा. तो कोणाला विचारायचा? बेटावरच्या वाऱ्याची खबर सरकारी पगारावर ठेवणारी मुलगी घरचीच, पण तिच्याशी बोलणं बंद. त्यावर तोड अशी निघाली, की रोज संध्याकाळी अक्कांनी लेकीला फोन लावायचा, आवाज मोठा ठेवायचा, आणि साडूंनी आतल्या खोलीतून भिंतीला उद्देशून म्हणायचं, "वाऱ्याचं विचार की तिला." अक्का विचारत, आणि माझी संध्याकाळ त्यांच्याकडेच जायची म्हणून मीही ऐकत असे. पलीकडून गिरिजा म्हणे, "वारा बरोबर नाही म्हणावं अजून. थांबा म्हणावं." मग ती तपशील सांगे. कुठून येतो, कसा फिरतो, ढग कुठले, लाटा केवढ्या. सगळं सावकाश, शाळेत बाई सांगतात तसं. साडू आतून हूं की चूं करत नसत. डॉक्टरांशी औषधावरून वाद घालणारा, देवळातल्या पुजाऱ्याला आरतीची चाल शिकवणारा हा माणूस लेकीच्या वाऱ्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा गेली, थंडी सरत आली, तरी वारा काही बरोबर होईना. ड्रायव्हर कुरकुरले, "एवडे दिवस डेपोत गाडी उभी राहिली तर टायर बसत्यात की." तेव्हा साडूंनी ठरवलं, की बेटाचं नंतर बघू, आधी कोकणात जाऊन खऱ्या समुद्रात एकदा रंगीत तालीम करायची.

होडी ट्रकात, शेळी होडीत, तिघं वीर शेळीभोवती आणि मी व अक्का पुढे ट्रकवाल्याशेजारी, असे आम्ही घाट उतरून रत्नागिरीकडच्या एका खाडीवर पोचलो. संध्याकाळ झाली होती. पाणी काठोकाठ भरलेलं. साडूंनी वाकून पाण्याला नमस्कार केला, होडी उतरवली, एका खुंटाला पक्की बांधली, आणि आम्ही गावातल्या एका घरी मुक्कामाला गेलो.

सकाळी येऊन बघतो तर पाणी नाही! खाडी रिकामी. होडी काळ्या चिखलात एका अंगावर कलंडलेली, आणि जिथं काल पाणी होतं तिथं बगळे पायी चाललेले. भरती-ओहोटी आम्ही सगळ्यांनी शाळेत घोकलेली होती, नाही असं नाही. पण पुस्तकातली ओहोटी चार बोटांची असावी अशीच आमची समजूत. अख्खी खाडी कोणी उचलून नेतं हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. आमच्या डोक्यात पाणी जाण्याची एकच तऱ्हा बसलेली: वरच्यांनी नाहीतर खालच्यांनी भांडून धरणाचं दार उघडायला लावलं. उजनीत असंच होतं. काल होडी तरंगत होती तिथं आज चिखल, आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती चिखलातच.

"सोडलं!" साडू कडाडले. "रातोरात पानी सोडलं! न कळवता!"

"लेखी दिलं पायजे हुतं आधी," ड्रायव्हर म्हणाले.

"हितला इंजिनेर कुटं बसतो?" साडूंनी मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईला दरडावून विचारलं. ती आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "येईल हो पाणी दुपारपर्यंत," ती म्हणाली. पण ज्यांचं पाणी त्यांचीच ती माणसं, साडूंचा तिच्यावर काय विश्वास बसणार? अक्कांनी "अय्यो शिवा" म्हणत लेकीला फोन लावला. त्या नेहमीप्रमाणे वाऱ्याचं विचारणार, एवढ्यात साडूंनी फोन हातातून ओढून घेतला.

"अगं, पानी सोडलं गं हितल्या लोकांनी!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "अप्पा?"

"व्हय, मीच. रातीत सगळं गेलं बघ. होडी चिखलात पडलीय. आता पावसाळ्यापातूर हितंच."

"अप्पा, ओहोटी आहे ती. पाणी रोज असं जातंय आणि रोज परत येतंय."

"परत येतं? कोन सोडतं?"

"कोणी नाही. आपणहून येतंय."

साडू रिकाम्या खाडीकडे बघत राहिले. गेलेलं पाणी आपणहून परत येतं ही गोष्ट आमच्यातल्या सगळ्यांनाच पटायला जड होती. फोनवर तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, अक्कांनी सवयीनं तो मोठा ठेवला होता, आणि तो कमी करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"अप्पा, एक सांगू? रागावू नका. वारा चांगला होता. सगळी थंडीभर चांगला होता. मी खोटं सांगत होते. तुमी होडीनं येऊ नका, अप्पा. मला लई भीती वाटते."

"मला म्हाईत होतं की," साडू म्हणाले.

"म्हाईत होतं? मग रोज विचारत का होता?"

साडूंनी आमच्याकडे पाठ केली. "तू बोलत होतीस न्हवं," ते म्हणाले.

अक्का तिथंच वाळूत खाली बसल्या. ड्रायव्हर आणि सांगोल्याचे पाव्हणे शेळीला घेऊन मुद्दाम लांब गेले. फोन हातात तसाच धरून साडू चिखलातून चालत होडीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी गिरिजानं भीत भीत विचारलं, "अप्पा, जहाजाचं तिकीट काढू का?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी या माणसाला स्वतःच्या शब्दाशी भांडताना पाहिलं. त्यांनी खुंटावरची दोरी एका हातानं ओढून बघितली, सोडली, पुन्हा ओढली. मी मनात म्हटलं, संपलं, आता हे भज्याचं काहीतरी बोलणार.

"दोगांचं काढ," साडू म्हणाले. "तुझ्या आईला खिडकी लागती."

दुपारी पाणी खरंच आलं. गाजावाजा न करता होडीखाली शिरलं आणि तिला सरळ उभं केलं. साडूंनी सोबत्यांना सांगितलं की आता तुम्ही हवं तर खाडीतून एक चक्कर मारून या. दोघं नाराज होते, पण गेले. तेवढाच त्यांचा समुद्र झाला, आणि त्याबद्दल त्यांनी साडूंना अजून माफ केलेलं नाही.

साडू आणि अक्का महिन्याभरासाठी म्हणून बेटावर गेले, त्याला आता बरेच दिवस झाले. कळतं ते असं, की त्यांनी तिथल्या घरांना ताडपत्र्या शिवून द्यायला सुरुवात केली आहे आणि नारळ कसा सोलावा हे तिथल्या लोकांना शिकवत असतात. गिरिजा फोनवर हसून हसून सांगते, मागून त्यांचा आवाज येतो, आणि तो आवाज आनंदी असतो. मी संध्याकाळी फिरायला निघालो की पाय सवयीनं त्यांच्या गल्लीकडे वळतात. दुकान बंद असतं. शेजारी विचारतात, "काय म्हनतेत साडू?" मी म्हणतो, मजेत आहेत. ते मजेत आहेत याचं मला खरंच फार बरं वाटतं. फक्त संध्याकाळ कुठं घालवायची, ते मला अजून नीटसं कळत नाही.