पाय नसलेला विष्णू

आमच्या कंपनीच्या कुवेती शेठनी मला शुक्रवारी त्यांच्या जुन्या घरी बोलावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती मुंबईला परतणारी बोट. साठीच्या दशकाची ती सुरुवात होती. माझा उमेदवारीचा काळ संपत आला होता आणि शनिवारी शेठ माझ्या अकाम्यावर, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याच्या परवान्यावर, सही करणार होते किंवा करणार नव्हते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या गावी शिवणकाम करत. त्यांनी आणि शाळेतल्या गुरुजींनी मला इथवर पोचवलं होतं. हात हलवत परत जाणं मला शक्य नव्हतं.

"तुला कशाला बोलावलान?" आमचं गोदाम सांभाळणारे रत्नागिरीकडचे चाचा म्हणाले. "मला कधी त्या खोल्या दाखवल्यान नाय."

"तुम्ही पण चला ना, चाचा."

"येतो. पण तू तोंड उघडू नको. बीए झालायस म्हणून बोलायलाच हवं असं काय नाय."

शहराभोवतीची मातीची भिंत तोवर पाडून झाली होती. भिंतीपलीकडच्या नव्या वस्तीत बंगला बांधून शेठ तिकडे राहायला गेले होते. समुद्राकाठच्या जुन्या घरात त्यांनी कंबोडियातून आणलेल्या वस्तू आणि मूर्ती मांडल्या होत्या. लाकूड आणि तांदळाच्या व्यापारासाठी ते तिकडे जात. ऑफिसात सगळे त्या घराला म्युझियम म्हणत, पण आवाज खाली आणून. मी ऑफिसातला एकटाच हिंदू कारकून. माझ्या खणात गणपतीचं चित्र असतं, हे कुणीतरी शेठच्या कानावर घातलं असणार. मूर्तीपुढे मी हात जोडतो का, हे त्यांना बघायचं असेल. म्हणून मी हात खिशात घालूनच आत गेलो.

कुलूप शेठनी स्वतः उघडलं. तरुणपणी ते मुंबईत व्यापाराला होते, त्यामुळे हिंदी बोलत. पहिल्या खोलीत बांबूचे मासे धरायचे सापळे, ताडगुळाची मडकी आणि चौकड्यांचे पंचे होते. भिंतीवर एका अफाट तळ्याचा फोटो होता.

"बारिश में यहाँ नदी उलटी चलती है," शेठ म्हणाले.

"उद्या सांगेल, उंट उडतो," चाचा माझ्या कानात पुटपुटले.

मलाही ते खरं वाटलं नाही. एवढं मोठं पाणी दाखवून हा माणूस माझं लक्ष कशावरून काढतोय, हेच मी बघत होतो.

आतल्या खोलीत मूर्ती होती. माणसाएवढी, डोक्यावर उंच गोल मुकुट, चारांतले दोन हात मोडलेले, ओठांवर हसू आल्यासारखं. शेठ मूर्तीकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"पहचाना?"

"विष्णू," मी म्हणालो. कंबोडियाच्या ख्मेर राजांच्या देवळांबद्दल गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं.

पण आईनं लहानपणापासून सांगितलेलं, आधी देवाच्या पायांकडे बघायचं, मग तोंडाकडे. माझी नजर आपोआप खाली गेली. तिथे पाय नव्हते. घोट्यांच्या वर दगड संपत होता आणि एका लोखंडी सळईवर मूर्ती उभी केली होती. सगळा दगड काळवंडलेला, फक्त तेवढाच भाग पांढुरका, आणि त्यावर शेजारी शेजारी सरळ रेघा.

"चाचा, पाय तोडलेत," मी मराठीत म्हणालो.

"गप."

"पडून मोडलेले नाहीत. छिन्नी लावलीय."

"उद्या सही हाय तुझी. गप ऱ्हा!"

"क्या बोला?" शेठनी विचारलं.

"बोलता है, बहुत सुंदर है," चाचा घाईनं म्हणाले.

"बस, इतना ही? इतना लंबा बोला!"

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. चाचांनी मान बारीक हलवून नको म्हटलं. पण देवापुढे उभं राहून खोटं बोलणं मला जमेना.

"शेठ, इसके पैर कहाँ हैं?"

त्यांच्या हातातली तसबी, जपाची माळ, थांबली.

"बेचनेवाले के पास नहीं थे."

"फिर मंदिर में होंगे."

ते दिव्यापाशी गेले. मग हळूच म्हणाले, "और किसको बोला ये?"

"किसी को नहीं. अभी देखा."

त्यांनी दिवा मालवला. मला का बोलावलं होतं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर चाचा एवढंच म्हणाले, "वळकटी बांध आता."

शनिवारी मी ऑफिसात पोचलो तर माझा कागद टेबलावर तयार होता. खाली सही होती. एरवी साध्या रजेच्या चिठ्ठीवर दहा प्रश्न विचारणारे शेठ त्या दिवशी मानही वर करेनात. मी मनापासून आभार मानले. तरी दारापर्यंत जाऊन राहवलं नाही.

"शेठ, वो पैरों का कुछ पता लगेगा?"

"कौन से पैर?" ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

बाहेर चाचा उभे होते.

"झाली सही?"

"झाली."

"मग तोंड असं का करून उभा?"

एकही प्रश्न न विचारता झालेल्या सहीचा मला भरवसा वाटेना. मला अरबी वाचता येत नव्हतं, चाचांना येत होतं. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "यात काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. सगळं वाचा."