खलाशाच्या बेटांचे मोजणीदार

कोणत्याही नव्या खोलीत आले की ते आधी ती पावलांनी मोजत. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत, मग आडवी. लोक बघताहेत का, हसताहेत का, याची फिकीर नाही. मोजून झालं की खिशातली पेन्सिल जिभेला लावायची, तळहाताएवढ्या वहीत आकडा टिपायचा आणि म्हणायचं, "हद्द कळली की निम्मं काम झालं."

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. अंबाजोगाईत तेव्हा असे क्लास नुकते निघू लागले होते. आमचा एका कापड दुकानाच्या माडीवर होता. चार कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि चपला बाहेर काढण्याची सक्त पाटी. धुळीनं मशीन आजारी पडतं अशी त्या काळी सगळ्यांचीच समजूत होती. तुमच्यापैकी काहींनी अशा पाटीखाली चपला काढल्याही असतील. मी तिथं शिकवायला होते. वय चोवीस, आव चाळिशीचा.

"मॅडम, बावीस बाय चौदा. बरी हाय जागा," असं म्हणून ते माझ्यासमोर बसले. डोक्यावर टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते, आता निवृत्त. साखळी घेऊन अख्ख्या जिल्ह्यातली रानं पालथी घातलेली. राहायला घाटनांदूरला. त्यांच्या मागे, दाराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही अशी, त्यांची सून उभी होती. तिचं नाव महानंदा. वय माझ्याएवढंच.

त्यांनी दोन अर्ज मागितले. "एक माझा, एक हिचा."

"तुम्हीपण शिकणार?"

"मीच शिकणार. माझी नजर अधू झाली. ही सोबतीला."

अर्जात पतीचं नाव लिहायची जागा आली. महानंदानं नाव लिहिलं आणि त्याआधी 'कै.' लिहिलं. त्याच क्षणी सासरे उठून खिडकीपाशी गेले आणि वितीनं तिची चौकट मोजू लागले. सगळी चौकट मोजून होईपर्यंत ते वळले नाहीत.

नंतर मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. वर्षापूर्वी चौसाळ्याजवळ जीप उलटली, त्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. तेव्हापासून सून माजघराबाहेर पडलेली नव्हती. आता सासरा तिला रोज एसटीनं तालुक्याला नेतो म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. "तिला कावून नेता?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "मी शिकतोय. मला पडद्यावरचं दिसत न्हाई. तुमी येता का वाचाया?" यावर कोणी येत नसे.

पण महानंदा वाचायचीच नाही. पहिले पंधरा दिवस ती कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसायची. विचारलं तर मान हलवायची. मी हात टेकले होते.

मग तो खेळ आला. खरं तर तो माझा होता. पुण्याच्या एका मैत्रिणीनं मला चार भागांची एक मालिका फ्लॉप्यांवर भरून दिली होती. एका खलाशाचं जहाज फुटतं आणि घरी परतण्यासाठी तो एकेका बेटावरून वाट काढतो, अशी गोष्ट. एका भागात एक बेट. माउस वगैरे नाही. खाली एक रिकामी ओळ असायची, तिच्यात इंग्रजीत हुकूम टाइप करायचा: उत्तरेला जा, दिवा उचल, दार उघड. मग खलाशी तुरुतुरु चालायचा. दुपारी क्लास रिकामा असला की मी हळूच तो लावायची. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि मी निळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या समुद्रकाठी शिंपले वेचत असायची. ते ठिपके आज आठवले तरी मला खारं वारं लागतं. खरा समुद्र मी पुढं कितीतरी वर्षांनी पाहिला.

एका दुपारी पहिल्या बेटावरच्या गुहेत मी अडकले होते. मागून आवाज आला, "मॅडम, तुमचा पावणा तीनदा तिथंच आला."

लवकरच्या एसटीनं आलेले मोजणीदार मागे उभे होते, महानंदा आपल्या जागेवर बसली होती. पेन्सिल जिभेला लागलेली. त्यांनी खुर्ची ओढली, वहीचं पान उलटलं आणि गुहेची मोजणी सुरू केली. मग सहज मान वळवून म्हणाले, "नंदा, खाली इंग्रजीत काय लिवलंय बघ की. मला न्हाई येत."

ती उठून पडद्यापाशी आली. मग एक घोगरा, न वापरलेला आवाज आला. "यू कान्ट गो दॅट वे."

"म्हंजी?"

"तिकडून जाता येत न्हाई, मामा."

"बरं. मग दुसरीकडून जाऊ. तू दाब बटणं."

महानंदाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तिथून पुढे रोजचा अभ्यास संपला की शेवटचा अर्धा तास खलाशाचा. ती वाचणार, अर्थ सांगणार, टाइप करणार. ते नकाशा काढणार. नकाशे कसे, तर अगदी सरकारी! विहीर, झाड, पायवाट यांच्या खुणा जिथल्या तिथं, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. बेटाच्या किनाऱ्याला त्यांनी हद्दीचे दगडसुद्धा दाखवले होते. समुद्राच्या बाजूला, जिथं शेजारच्या जमिनीच्या मालकाचं नाव लिहितात तिथं, बारीक अक्षरात लिहिलेलं: 'लगत कब्जेदार, पाणी.'

एकदा खलाशी एका म्हातारीच्या झोपडीशी पोचला. महानंदानं 'दार उघड' असं टाइप केलं, तर यांनी तिला थांबवलं. "परक्याचं घर हाय. नुसतं उघड कावून? पुढं प्लीज लाव."

तिनं लावलं. मशीननं उत्तर दिलं. तिनं वाचलं, "मला 'प्लीज' हा शब्द कळत नाही."

मोजणीदारांनी पडद्याकडे खेदानं पाहिलं. "लईच उर्मट हाय हे."

आणि महानंदा हसली. पदर तोंडाला लावायचंही राहून गेलं. तिच्या हसण्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहीत खाली मान घालून ते झोपडी रंगवत राहिले. पेन्सिल मात्र एकाच जागी फिरत होती.

एके दिवशी आमच्याकडे नवा प्रिंटर आला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. मी तासभर झगडत होते, कागद काही सरकेना. महानंदा आतल्या बाजूला टायपिंग करत होती. मोजणीदारांनी ते पुस्तक उचललं, हात लांब करून दोन पानं सरसर वाचली आणि म्हणाले, "मॅडम, हिथं लिवलंय, आतली नारिंगी पट्टी आधी काढा. ती वाहतुकीपुरती असती."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

त्यांनी आतल्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तीस वर्षं नकाशे वाचले, मॅडम. पण तिला कावून सांगता? ती वाचती तेवढाच तिचा आवाज निघतो."

मी पट्टी काढली. प्रिंटर सुरू झाला. ही गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना महानंदाचा थोरला भाऊ क्लासमध्ये आला. चपला घालूनच. दोघं तेव्हा दुसऱ्या बेटावरचा पूल ओलांडत होती. भावानं पडदा पाहिला, बहिणीकडं पाहिलं.

"हे शिकतीय व्हय? लोक काय काय बोलतेत, ठाव हाय का? चल, सामान बांध. आता आमच्यात राहायचं. तुझ्या वहिनीलाबी कामाला हात होईल."

क्लासमधल्या सगळ्यांची बोटं थांबली. मला वाटलं, आता मोजणीदार काहीतरी बोलतील. त्यांनी मात्र वही मिटली आणि सुनेकडं पाहिलं. "नंदा, तू सांग. तू म्हणशील तसं."

ती उभी राहिली.

"दादा, मी न्हाई येणार. माझी परीक्षा हाय. आन् त्या चपला बाहेर काढ."

भाऊ जिना उतरून निघून गेला. तो गेल्यावर ती रडली. मोजणीदारांनी तिला गप्प केलं नाही. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला म्हणाले, "मॅडम, आज पूल राहू द्या."

ती पास झाली. मग माझ्याबरोबर क्लासमध्येच शिकवू लागली. नव्या मुलींना कीबोर्डवर बोटं ठेवायला तीच शिकवायची. तिच्या तासांच्या मधल्या वेळात तिसरं बेट झालं, चौथं अर्धं झालं. तेवढ्यात तिला लातूरच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवरच्या कामाची नोकरी लागली. खोली बघून द्यायला मोजणीदार स्वतः गेले होते. दहा बाय बारा, हवेशीर, असं त्यांनी मला येऊन सांगितलं.

त्यानंतर एकदा ते एकटे आले. बसले. "लावा तो खेळ." मी चौथं बेट लावून दिलं. ते मुकाट्यानं वाचू लागले, एका बोटानं टाइप करू लागले. खलाशी भराभर पुढं सरकत होता. दहा मिनिटांत ते उठले.

"काय झालं?"

"मजा न्हाई, मॅडम. सगळं लगीच कळतंय."

ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात महानंदा आली. ते गेले, हे सांगायला. दोन महिने रजा काढून तिनं त्यांचं सगळं केलं होतं. आम्ही दोघी रिकाम्या क्लासमध्ये बसलो. मला राहवलं नाही. मी तिला प्रिंटरची गोष्ट सांगितली. म्हटलं, "त्यांना इंग्रजी येत होतं गं."

ती शांतपणे म्हणाली, "मला ठाव होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. ह्यांना एबीसीडी मामांनीच शिकवलेली. ह्यांनीच मला सांगितलं होतं."

"मग तू वाचत का राहिलीस?"

तिनं कूलरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे गेल्यापासून मामा बाहेर लोकांशी बोलायचे, पण घरात कुणाशीच बोलत नव्हते, मॅडम. जेवा म्हटलं तर जेवायचे, उठा म्हटलं तर उठायचे. त्या दिवशी गुहेत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी न्हाई कशी म्हणू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?"

"न्हाई. शेवटच्या आठवड्यात लई बोलले. थांबतच नव्हते."

"काय बोलले?"

"ह्यांच्याबद्दल," ती म्हणाली. "ह्यांच्या पाळण्यापासून सगळं. कधी रांगले, कधी पडले, शाळेत पहिल्या दिवशी किती रडले. मी उशाशी बसून ऐकत होते. मला त्यातलं काहीच ठाव नव्हतं."