गेम लावला की सायरन वाजायचा

दुकान म्हटलं की धूळ साचते, तसे किस्सेही साचतात. धूळ निदान ब्लोअरनं उडवता येते. किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो!

मंचरला एसटी स्टँडसमोर मी आणि इरफान, आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. इरफान जुन्नरचा. रोज एसटीनं यायचा. गावागावात नुकते कॉम्प्युटर यायला लागले होते तो काळ. आणि खरं सांगतो, आम्हाला जेवढे फोन व्हायरससाठी यायचे, त्याहून जास्त व्हायरस नसताना यायचे. पोरं कुठून तरी गेमची सीडी आणायची. गेम लावला की अँटीव्हायरसला वाटायचं, घरात चोर शिरला. लाल खिडकी उघडायची आणि स्पीकरमधून सायरन! व्हायरस-बियरस काही नाही. पण घाबरलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

*

पहिला फोन कळंबचा. अलकावहिनींचा.

"भाऊ, लगेच या. आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय. आन् सोम्याला बी झालाय!"

आम्ही एम-एटी गाडीवर टांग मारून गेलो. सोम्या म्हणजे त्यांचा धाकटा. दोन दिवस तापानं फणफणला होता. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. त्याच दुपारी थोरल्यानं क्रिकेटचा गेम लावला आणि सायरन वाजला. वहिनींनी दोन्हींची सांगड घातली.

"कॉम्प्युटर कुठंय?"

"गोठ्यात."

खरंच गोठ्यात! म्हशीच्या शेजारी, पेंडीच्या पोत्यावर मॉनिटर, त्यावर कडुलिंबाचा डहाळा. म्हैस त्याच्याकडं संशयानं बघत होती.

इरफान समजावू लागला, "वहिनी, हा वेगळा व्हायरस. माणसाला लागत नाही. आणि इथं तर तोही नाही. अँटीव्हायरस उगाच घाबरलाय. हे बघा, मी हात लावतो."

त्यानं कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. कडब्याची धूळ उडाली. आणि इरफानला अशी शिंक आली की म्हैस दावं ताणून उभी राहिली!

वहिनी दोन पावलं मागं सरल्या. "बगा! लागला!"

सोम्या चार दिवसांत बरा झाला. कॉम्प्युटरला गोठ्यातून घरात यायला त्याहून जास्त दिवस लागले.

*

व्हायरस नाही, तरी अलार्म का वाजतो? हे गिऱ्हाइकाला समजावताना आमच्या नाकी नऊ यायचे. इरफान फार खोलात शिरायचा. गेमची फाइल दाबून लहान केलेली असते, व्हायरसही तसाच दबून बसतो, म्हणून अँटीव्हायरसला दोघं सारखेच दिसतात, वगैरे. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेवटी विचारायचं, "म्हंजी व्हायरस हाय का न्हाई?"

एकदा इरफानचे अब्बा बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसले होते. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अरे बेटा, सरळ सांग ना. आमच्या मोहल्ल्यातलं कुत्रं पोस्टमनवर भुंकतं. म्हणून काय पोस्टमन चोर झाला?"

त्या दिवसापासून आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगू लागलो. एक जण मात्र भेटला, हाडाचा शेतकरी. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समदं पटलं राव. पण कुत्रं चोरावर बी भुंकतं का, त्ये कवा कळायचं?"

 

*

एका पतसंस्थेतून बोलावणं आलं. नाव सांगत नाही, माणसं आपलीच आहेत. सायरन वाजला तेव्हा नेमके चेअरमन अण्णा समोर उभे. क्लार्क बाळू घामाघूम. आम्ही पोचलो तोवर अख्खा स्टाफ कॉम्प्युटरभोवती गोळा झाला होता, जणू कुणाला साप चावलाय!

स्क्रीनवर लाल खिडकी तशीच. कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल पकडली ते त्यात लिहिलेलं. अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं एकेक शब्द वाचला.

"सी ड्राइव्ह... मार्च एंड... कार रेस."



"बाळू, मार्च एंडमधी कार कुठून आली रं?"

बाळू म्हणाला, "अण्णा, त्ये... व्हायरसच तसा आसतो. नाव बदलून बसतो."

इरफानला खोटं बोलता येत नाही. पण बाळूचं तोंड बघून तो एवढंच म्हणाला, "व्हायरस नाहीये. डेटा सगळा सुखरूप आहे."

अण्णांनी चष्मा काढला. "तरीच म्हनलं, ह्याचा मार्च एंड दिवाळीपासनं कसा सुरू झाला!"

सगळे हसले. बाळू पण, शेवटी. आम्ही निघालो तेव्हा अण्णा आम्हाला पोचवायला पार बाहेरपर्यंत आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "त्यो मार्च एंड... आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसंल का?"

*

विजयचा किस्सा मात्र त्या दिवशी हसण्यासारखा नव्हता.

विजय निरगुडसरचा. आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. पोरानं कॉम्प्युटरच्या कोर्सला ॲडमिशन घेतलेली, पण घरी कॉम्प्युटर कुठला! दुपारी आमच्या दुकानात यायचा आणि मोकळ्या मशीनवर बसायचा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला त्यानं स्वतः एक गेम लिहिला. विटीदांडूचा! विटी उडाली की टोला हाणायचा, टोला चुकला की डाव गेला. बॅटबॉलचे गेम सगळ्यांनी बघितले होते, विटीदांडू कुणी बघितला नव्हता.

परीक्षेला बाहेरून एक्झामिनर आले. विजयनं फ्लॉपी घातली. फ्लॉपीवर मावावा म्हणून गेम दाबून लहान केलेला. डबल क्लिक केलं आणि सायरन! सगळी लॅब वळून बघायला लागली.

"व्हायरस आणलास?" एक्झामिनर म्हणाले. "बाहेर थांब."

लॅबची मशीनं दुरुस्तीला आमच्याकडं, म्हणून तिथल्या सरांनी दुकानात फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा विजय व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. 

"दिलीपभाऊ," मला म्हणाला, "म्या कायबी न्हाई केलं. आईला काय सांगू?"

इरफाननं आत जाऊन एक्झामिनरना सगळं सांगितलं. ते वाईट नव्हते. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण उद्या लॅब बंद पडली तर माझ्यावर येईल." त्यांचंही बरोबरच होतं. अँटीव्हायरसच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, फाइल पाठवा, तपासून उद्या सांगतो. उद्या! परीक्षा आज.

शेवटी लॅबच्या सरांनाच सुचलं. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, भंगारात द्यायला काढलेलं. नेटवर्कची वायर काढून ते एकटं केलं, अँटीव्हायरस बंद. "जळलं तर जळलं," सर म्हणाले.

विजय आत आला.  गेम सुरू झाला. पडद्यावर हिरवं मैदान, गल म्हणजे छोटासा खड्डा, त्यावर आडवी विटी.

"कसं खेळायचं?" एक्झामिनरनी विचारलं.

त्यांचा पहिला टोला हुकला. दुसरा हुकला. तिसरा लागला आणि विटी पार मैदानाबाहेर! त्यांनी खुर्ची पुढं ओढली. चहा आला, निवला. बाकीची पोरं रांगेत ताटकळली.

विजय बराच वेळ मागं उभा होता. मग त्यानं भीत भीत विचारलं, "सर, माझी परीक्षा...?"

"थांब रे! अजून माझा डाव चालू आहे!"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, फाइल साफ आहे. तोवर विजयच्या आईचे आमच्या दुकानात पेढे वाटून झाले होते.

*

आता आळे गावचे बापू. हा सांगतो आणि उठतो.

बापू म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. घरात एकटेच. बायको गेलेली, मुलगा नोकरीला लांब. जाताना बापूंचा वेळ जावा म्हणून त्यानं कॉम्प्युटर ठेवला आणि त्यात बुद्धिबळाचा एक गेम टाकला. बापू रोज दुपार कलली की खेळायला बसायचे. आणि रोज, गेम उघडला की सायरन वाजायचा.

आम्हाला हे कळलं ते त्यांच्या मुलाच्या फोनमुळं. "घरातनं रोज सायरन ऐकू येतो म्हणे. जरा बघून या ना."

आम्ही गेलो. बापूंनी चहा केला. इरफाननं अँटीव्हायरसला त्या गेमची ओळख करून दिली, की बाबा, हा घरचाच माणूस आहे, याच्यावर ओरडू नको. गेम उघडून दाखवला. एकदम शांत.

"झालं बापू. आता कधी वाजणार नाही."

बापू म्हणाले, "बरं." आणि कपबशा उचलून आत गेले.

काही दिवसांनी बापू स्वतःच एसटीनं मंचरला, दुकानात हजर! आम्हाला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. पाणी दिलं. बापू स्टुलावर बसून राहिले. टोपी काढली, परत घातली.

"त्यो अलार्म," शेवटी म्हणाले, "परत चालू व्हईल का?"

"का हो बापू? अहो, तो खोटा अलार्म होता!"

"त्ये ठावं हाय मला."

मग सांगितलं. सायरन वाजला की गल्लीतली पोरं पळत यायची. बापू, आज काय घावलं? बापू, आज कुणाला धरलं? आली की मग बसायचीच. कोण घोडा हलवायचं, कोण उंट. दिवेलागणीला आया हाका मारायच्या, तेव्हा घरं गाठायची.

"आता गेम गपचिप चालू व्हतो," बापू म्हणाले. "कुनाला कळतच न्हाई."

त्याच दिवशी आम्ही बापूंबरोबर आळ्याला गेलो. इरफाननं दोन मिनिटांत सेटिंग होतं तसं करून दिलं. स्पीकरचा आवाजही थोडा वाढवला.

"बापू, लावा गेम."

बापूंनी माउस हातात घेतला. पण क्लिक करायच्या आधी उठले, दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघड्या केल्या, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली सतरंजी आणून नीट अंथरली. मगच क्लिक केलं.