कोणती पेटी मारू?

आज कॉलेजच्या संगीत विभागातलं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. मी थेट वीस वर्षं मागे गेले.

परीक्षेची सकाळ होती. मी नुकतीच शिकवायला लागले होते. हार्मोनियम दुरुस्त करणारे नारायणभाऊ बडनेऱ्याहून यायचे. सगळ्या विभागाला ते एकटेच. सतरंजीवर नऊ पेट्या मांडलेल्या होत्या. त्यातल्या तीन पेट्यांचे सूर गेले होते, आणि नव्या रीडची, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पट्ट्यांची, मागणी वरून नामंजूर होऊन आली होती.

"मॅडम, एक पेटी मारा लागते, तिच्या रीड काढून बाकीच्यायले लावतो," भाऊ म्हणाले. "तुमीच सांगा, कोणती मारू?"

ज्या पेटीवर मी स्वतः शिकले होते, तिचा भाता फाटका होता. मी तिच्याकडे बोट दाखवलं. झाकण उघडताना तिनं एक लांब सुस्कारा सोडला.

"मले नसतं जमलं हे बोट दाखवनं," भाऊ मान खाली घालूनच म्हणाले.

तेव्हा मला तो माझा शहाणपणा वाटला होता. मग दर दोन-तीन वर्षांनी परीक्षेच्या तोंडावर मी एकेका पेटीकडे बोट दाखवत गेले. भाऊ निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही.

आज कपाटात एकच पेटी उरली आहे. तिचा पंचम बोलत नाही, आणि उद्या परीक्षा आहे.